कुसुमचा टेंट, माझी गाडी

कुसुम रामटेके कुठल्याही नव्या जागी गेली की आधी जमिनीवर आडवी होऊन बघायची. धरणाचा काठ असो, आमराई असो, नाहीतर कुणाच्या लग्नाचं लॉन असो. पदर कमरेला खोचायचा, सरळ पाठीवर पडायचं, डोळे मिटायचे आणि क्षणभराने निकाल सांगायचा, "हे जागा बरी हाय. इथं झोप लागते." मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. भिलाईतल्या आमच्या शाळेत ती पीटी टीचर म्हणून नवीन रुजू झाली होती. मी हिंदी शिकवायची. स्टाफरूममधून मैदानाकडे जाते तर ऐन कवायतीच्या वेळी एक बाई गवतावर उताणी पडलेली. मला वाटलं चक्कर आली. धावत गेले, तर तिने एक डोळा उघडून विचारलं, "काय झालं मॅडम? कावून धावून राहिल्या?"

मागून मुख्याध्यापिका आल्या. आता हिची कानउघाडणी होणार म्हणून मी बाजूला सरले. पण त्या हसल्या. माझ्याकडे पाहून त्या तशा कधी हसल्या नव्हत्या, आणि मी तिथे पुष्कळ आधीपासून होते. कुसुमशी माझं जे काही पुढे आयुष्यभर चाललं, त्याची सुरुवात त्या हसण्यापासून झाली.

तिचं माहेर भंडाऱ्याकडचं, सासर इथलंच. रामटेकेभाऊ रेल्वेत होते, दुर्गच्या यार्डात. माणूस अबोल, पण चहा फार सुंदर करायचा. ड्यूटीच्या सुट्ट्या जुळल्या की दोघं स्कूटरला टेंट बांधून निघायची. कधी तांदुळा धरण, कधी दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरात, कधी पार चिल्फी घाटीत. सोमवारी ती शाळेत यायची तेव्हा तिच्या केसांना धुराचा वास असायचा आणि तोंडावर असा काही तजेला, की मला माझी इस्त्रीची साडी जड व्हायची. "शोभे, काल मोर आला होता टेंटपाशी. आमची पोळी घेऊन गेला ना बाप्पा!" हे ती सगळ्या स्टाफरूमला सांगायची आणि वर्गाची घंटा झाली तरी बाया हलायच्या नाहीत.

आमच्या घरी सासूबाई होत्या, दोन मुलं होती, यांच्या स्टील प्लांटमधल्या शिफ्ट होत्या. मी जाऊ शकत नव्हते, हे खरंच आहे. पण त्याहून खरं हे, की मला कुणी विचारलंही नाही आणि मीही चला म्हटलं नाही. एकदा मी माहेरी, रायपूरला गेले असताना हे त्या दोघांबरोबर तांदुळ्याला जाऊन आले. त्यानंतर महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. कुसुमवहिनींनी चुलीवर वांगी कशी भाजली. कुसुमवहिनी अंधारात नावाड्याला हाक कशी मारतात. एक दिवस मी वांग्याचं भरीत केलं, तर हे घास खाऊन म्हणाले, "चांगलं झालंय. त्या वांग्याला धुराचा वास होता, एवढंच." मी ताट उचलून आत नेलं.

निवृत्त झाल्यावर आम्ही वैशाली नगरात घर बांधलं. ती दोघं हुडको कॉलनीत राहायला गेली. सासूबाई गेल्या होत्या, मुलं बाहेरगावी होती. आता माझी वेळ आली असं मी ठरवलं. यांच्यामागे लागून एक जुनी व्हॅन घ्यायला लावली. कॅम्प-१ वस्तीतल्या, गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारागिराकडून ती आतून नवी करून घेतली. घडीचा पलंग, गॅसची शेगडी, छोटा पंखा, पाण्याची टाकी, डासांच्या जाळ्या. पडदे मी स्वतः निवडले, फिकट निळे. गाडी घरी आली त्या संध्याकाळी मी पहिला फोन कुसुमला केला.

ती आली, आत शिरली आणि पलंगावर सरळ आडवी झाली. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी होते. तिला जरा तरी खुपावं, एवढंच मला हवं होतं.

"शोभे! राजाचं घर हाय न हे!" ती उठून बसत म्हणाली. "पंखा पण? अवं, पडदे किती गोड आणले तू. अहो, पाहा इकडं, शोभानं काय केलं ते पाहा!" तिने रामटेकेभाऊंना आत ओढलं, एकेक खण उघडून दाखवला, जणू गाडी तिचीच होती. तिच्या आनंदात कुठे भेसळ नव्हती. त्या रात्री मी यांच्याशी उगाच भांडले.

पहिली सहल आम्ही चौघांनी मिळून केली. तांदुळ्याच्या काठावर आमची गाडी आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर त्यांचा टेंट. दिवस मावळताच डास आले, तशी मी दारं लावली, जाळ्या ओढल्या, पंखा सुरू केला. आत सगळं अगदी मी ठरवलं होतं तसं होतं. बाहेरून कुसुमचं हसणं ऐकू येत होतं. हे थोडा वेळ बसले, मग म्हणाले, "मी जरा चहा घेऊन येतो त्यांच्याकडे." दार उघडून गेले ते जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत. मी माझ्या निळ्या पडद्यांच्या गाडीत एकटी बसून तिघांचं हसणं ऐकत राहिले.

सकाळी मात्र मी एक गोष्ट पाहिली. टेंटची चेन उघडली आणि कुसुम गुडघ्यांवर रांगत बाहेर आली. आधी एक हात टेकला, मग दुसरा. उठताना अर्ध्यावर थांबली, दात आवळले. रामटेकेभाऊ शेजारी उभे होते, त्यांनी हात पुढे केला तर ती खेकसली, "हात देऊ नका म्हणलं ना!" शेवटी बाभळीच्या खोडाला धरून उभी राहिली. माझ्याकडे लक्ष जाताच हसली.

"पुरे आता कुसुम," मी म्हणाले. "वय झालं आपलं. तूही अशी गाडी कर."

"गाडी चांगली हाय. पण तिच्यात झोपलं तर मले समजत नाही मी कुठं आली हाय. हुडकोत आणि तिच्यात काय फरक?"

"गुडघे काय म्हणतात ते बघ."

"ते तर रोजच बोंबलून राहिले. त्यांचं कोण ऐकते?"

पुढच्याच वर्षी ऐकावं लागलं. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खाली बसायची, जमिनीवर झोपायची कायमची मनाई केली. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. नेहमीसारखी बोलली, पण सारखी बाहेर बघत होती. मी म्हणाले, आमच्या गाडीतून चल, चिल्फीला जाऊ. ती लगेच हो म्हणाली. मला आनंद झाला, आणि तो फक्त मैत्रिणीचा आनंद नव्हता. आता ती माझ्या गाडीत येणार होती.

चिल्फीत थंडी कडाक्याची होती. आम्ही दोघी गाडीत झोपलो आणि पुरुष तिच्या टेंटमध्ये. सकाळी मला जाग आली तेव्हा कुसुम गाडीच्या दारात, पायरीवर पाय सोडून बसली होती. समोर टेंट दवाने भिजून गेला होता आणि आतून दोघांचं घोरणं येत होतं. ती एकटक तिकडे बघत होती. मी शेजारी जाऊन बसले.

"शोभे," ती म्हणाली, "मले हेवा वाटून राहिला त्यांचा. असा वाटून राहिला, की आत जाऊन दोघांच्या अंगावर पाणी ओतावं."

तिने ते इतकं सहज सांगितलं, की मी तिच्याकडे बघतच राहिले. जी गोष्ट मी इतकी वर्षं पोटात धरून होते, ती तिने भूक लागली म्हणावं तशी सांगून टाकली.

"तुला लाज नाही वाटत असं बोलायला?" मी विचारलं.

"लाज कायची? वाटते तर वाटते."

"मला तुझा वाटतो," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. "पहिल्या दिवसापासून."

तिने मान वळवून मला नीट पाहिलं. "माझा? कावून बाई?"

मुख्याध्यापिकांचं हसणं सांगू, की भाजलेली वांगी सांगू? मी म्हणाले, "तू टेंटात झोपतेस म्हणून."

"हात्तिच्या! मग सांगायचं ना! घेऊन गेली असती तुले." आणि ती हसत सुटली, इतकी, की टेंटमधलं घोरणं थांबलं.

घरी आल्यावर तिने गप्प बसायचं नाही असं ठरवलं. कॅम्प-१ मध्येच लग्नाचे मांडव शिवणारा एक शिंपी गाठला आणि त्याच्याकडून उभं राहता येईल एवढ्या उंचीचा टेंट शिवून घेतला. त्यात मावतील अशा दोन उंच घडीच्या खाटा आणल्या. मी म्हणाले, एवढं करण्यापेक्षा गाडी काय वाईट होती? ती म्हणाली, "डॉक्टर म्हणले जमिनीवर झोपू नका. कापडाच्या खाली झोपू नका, असं कोण म्हणलं?"

आणि त्यातल्या एका खाटेवर तिने मला झोपवलं. तांदुळ्यालाच. पुरुषांना गाडीत पाठवून दिलं. माझ्या आयुष्यातला तो पहिला टेंट. काय सांगू? मला मुळीच झोप आली नाही. कापड फडफडत होतं, दव टपकत होतं, कोल्हा ओरडला तेव्हा मी उठूनच बसले, कंबर तर आठवडाभर धरली होती. शेजारी कुसुम लहान मुलासारखी गाढ झोपली होती. उजाडताच मी गाडीकडे पळाले आणि यांना उठवून माझ्या पलंगावर पडले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळले, ते मला आवडतही नव्हतं. तरी डोळे मिटताना मला पुन्हा तिचाच हेवा वाटला. तिला झोप लागली होती म्हणून.

नंतर तिच्या मुलीने दोघांना नागपूरला नेलं. जाताना मोठा टेंट बरोबर नेला. फोनवर सांगायची, "मुलीच्या गच्चीवर लावून राहिली. शेजारचे लोकं पाहायले येतात." मी म्हणायची, येऊ आम्ही. गाडी काढू काढू म्हणता म्हणता राहून गेलं, आणि एक दिवस मुलीचाच फोन आला. कुसुम झोपेत गेली होती.

पुण्यानुमोदनाच्या, तिच्या आठवणीच्या कार्यक्रमाला आम्ही गाडीनेच गेलो. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, भंतेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण बोलायला उठला. राजनांदगावची एक बाई उठली. कुसुम आमच्याकडे येण्याआधी ज्या शाळेत होती तिथली विद्यार्थिनी, आता स्वतः पन्नाशीची. कुसुमबरोबर किती डोंगर फिरली ते तिने सांगितलं आणि रडत रडत म्हणाली, "मॅडमच्या सगळ्यात जवळची मीच होती." सगळ्यांनी माना हलवल्या.

ही कोण? हिचं नावही कुसुमने मला कधी सांगितलं नव्हतं. जेवणाच्या वेळी ती माझ्यापाशी आली आणि नम्रपणे विचारलं, "तुम्ही मॅडमच्या कोण?"

"मैत्रीण," मी म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा निघाला, दोन-चार जणांनी वळून पाहिलं. "सगळ्यात जुनी."

तिने वाद घातला नाही. माझ्या गळ्यात पडली आणि पुन्हा रडायला लागली. मी ताठ उभी होते. माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

परतीच्या वाटेवर देवरीच्या पुढे मी यांना म्हणाले, "ती बाई खोटं बोलत होती."

"कोणती?" यांनी विचारलं. मग समजून, रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "असेल. तुला तिथेच सांगायला हवं होतं."

"काय सांगायचं होतं?"

"की तूच होतीस म्हणून."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि माझं रडून होईपर्यंत काही विचारलं नाही.