लॉनपलीकडून आशीर्वाद

काही आठवड्यांपूर्वी, सकाळी ऑफिसला निघताना कुमुदकाकूंचा फोन आला. "अगं, काका गेले... झोपेतच." मी फ्लिप फोन कानाला लावून ड्राइव्हवेवरच उभी राहिले. कोणी विचारलेलं नसताना गॅमा किरणांवर तासभर बोलणारा आमच्या वेस्ट विंडसरमधला एकुलता एक माणूस गेला होता.

नानाकाका आमचे शेजारी, निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ. माझ्या डोहाळजेवणाला यायला आई-बाबांना व्हिसा मिळाला नाही, तेव्हा वडिलांच्या जागी काकाच बसणार होते. मी हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून वाट बघतेय आणि काका येईनात. बघते तर स्वारी बाहेर फुटपाथवर! सकाळीच त्यांच्या हार्टचा स्कॅन झाला होता. त्यासाठी टोचलेलं औषध अंगातून गॅमा किरण सोडत होतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजचा दिवस गरोदर बायका आणि लहान मुलांपासून लांब राहा.

"काका, निदान दारात तरी या!"

"नको गं. तुमच्या या लाकडी भिंतींना गॅमा कसले जुमानतात! अंतर ठेवणं हाच उपाय."

पण नमस्कार केल्याशिवाय मी कसली ऐकते! मी एक पाऊल पुढे टाकलं की काका एक पाऊल मागे, असं करत ते पलीकडच्या गोऱ्या बाईंच्या लॉनवर पोचले. आमच्या बायकाही ताटं घेऊन बाहेर आल्या. झालं, काकांना श्रोते मिळाले!

"हे तसे लेचेपेचे गॅमा. इलेक्ट्रॉनला धडकतात, थोडी एनर्जी देतात आणि दिशा बदलून पुढे जातात. आमचे लॅबमधले खरे दांडगे! जड अणुकेंद्राजवळ आले की स्वतः नाहीसे, आणि मागे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी!"

"म्हणजे हिला जुळं होणार का हो?" एका मावशींनी घाबरून विचारलं.

काकांनी कपाळावर हात मारला. मी तिथूनच, जमेल तेवढी वाकले. त्यांनी लांबूनच दोन्ही हात उचलले. मला बाबांची आठवण येऊन रडू फुटलं, काकांनाही फुटलं, आणि गोऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

सई झाली, एकटीच. मी कामावर असले की ती काकूंकडे, म्हणजे खरं तर आरामखुर्चीत काकांच्या मांडीवर असायची, मोठी झाल्यावर त्यांच्या शेजारी दाटीवाटीने. डॉक्टर पुन्हा स्कॅन करा म्हणत होते. काकांनी दर वेळी अपॉइंटमेंट कॅन्सल केली. का, तर त्या दिवशी सईला घेता येणार नाही! काकूंनी हे मला ते गेल्यावर सांगितलं. मी चिडले, अजून चिडलेली आहे. गॅमाचं एवढं कळणाऱ्या माणसाला स्वतःच्या जिवाचं कळू नये?...

सई अजून रोज तिथे जाते. काका आता नाहीत, हे मी तिला सांगितलंय. "आय नो," म्हणते, खुर्चीवर चढते आणि एका कडेला सरकून बसते.