जॉर्जच्या टेबलावरचे रोमन

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मला अजून हसू येत नाही. रोमन लोकांचा सगळ्यात मोठा पराभव मी एका दुपारी पुसून टाकला. कुठे, तर नॉटिंगहॅमला, शेजाऱ्यांच्या डायनिंग टेबलावर.

दोन हजार चार-पाचची गोष्ट, मी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होतो. शेजारचे जॉर्ज ऐंशीच्या घरातले, हार्टच्या ऑपरेशनसाठी ॲडमिट होते. बायको मार्गारेट त्यांच्याजवळ. म्हणून मांजरीला खायला घालायला किल्ली माझ्याकडे. आत गेलो तर टेबलावर बोटभर उंचीचे शेकडो सैनिक, लाल आणि निळे, एकमेकांत घुसलेले. निम्मे लाल आडवे पडलेले. म्हटलं, हा मांजरीचा पराक्रम. बिचारे जॉर्ज घरी येऊन हे बघणार?

बसलो मग. आपण दिवाळीत किल्ल्यावर मावळे लावतो ना, तसे लावले. लाल इकडे, निळे तिकडे, ओळी सरळ. पडलेला एकेक उभा केला. इतकं छान दिसत होतं की मीच लांब जाऊन बघून आलो.

संध्याकाळी मार्गारेटबाईंचा फोन. "टेबलाला तेवढा हात लावू नका हं. पुढच्या शनिवारी त्यांच्या लढाया मांडणाऱ्या क्लबची माणसं कॅनीची लढाई बघायला येणार आहेत. जॉर्ज महिनाभर मांडत होते. आम्ही आता छोट्या फ्लॅटमध्ये जातोय, तिथे हे टेबल मावणार नाही. ही त्यांची शेवटची."

फोन ठेवून घरात सगळं सांगितलं.

"तुला मांजरीला खायला घालायला सांगितलं होतं ना रे?" माझी बायको वैशाली म्हणाली.

"आता काय करू ते सांग."

"फोन करून खरं सांगून टाक."

"ऑपरेशन झालेल्या माणसाला?"

"मग जा लायब्ररीत आणि निस्तर."

गेलो. कॅनीला रोमनांशी लढला तो हॅनिबल. त्याच्या लढायांचं पुस्तक आणलं आणि चित्र बघून हुबेहूब मांडलं. चित्रात हत्ती होते. शोधले तर जॉर्जच्या कपाटात तेही निघाले.

गुरुवारी जॉर्ज घरी आले. टेबलापाशी जाऊन चष्मा लावला.

"हत्ती कुठून आले, डॉक्टर?"

"पुस्तकातून."

"ही झामाची लढाई. यात हॅनिबल हरला." ते खुर्चीत बसले. "कॅनीला रोमन हरले. चारी बाजूंनी कोंडून मारले त्यांना. माझे मेलेले कुठे आहेत?"

सगळं सांगून टाकलं. त्यांचे डोळे भरून आले आणि मला तोंड कुठे लपवू असं झालं.

"टाके आहेत, मला वाकता येत नाही," ते म्हणाले. "तुम्हीच पाडा."

शुक्रवारी रजा काढली. जॉर्ज खुर्चीतून काठीने दाखवायचे, मी आडवा करायचो. "तो गेला. मागचाही गेला. थांबा, तो अजून जिवंत आहे." मधेच काठी थांबली. "पोरंच होती हो ही. घरी कुणीतरी वाट बघत असेल." त्यानंतरचे सगळे मी अगदी हळू ठेवले.

शनिवारी क्लबची माणसं टेबलाभोवती गोळा झाली. जॉर्जचा चेहरा उजळला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे आमचे शेजारी डॉक्टर. इथे पडलेला प्रत्येक माणूस यांनी स्वतःच्या हाताने मारलाय."

एक जाडसर गृहस्थ माझ्याजवळ सरकले. "तुम्ही इथल्याच हॉस्पिटलात का?"

"हो. भूल देतो."

"सोमवारी माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे."

"मग मीच असेन. काही काळजी करू नका."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टेबलाकडे. सोमवारी ते आलेच नाहीत.