ठाऊक असलेलं मत

लालमहंमद मेस्त्रीचं पिंपळे गुरवच्या नाक्यावर सायकली-मोटरसायकलींच्या दुरुस्तीचं दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं. दिल्लीचं सरकार कुणी पाडलं, का पाडलं, सगळं तो पंक्चर काढता काढता सांगायचा. गिऱ्हाईक बिचारं खोललेलं चाक टाकून जाणार कुठं? दुःख एवढंच, की त्याला आजवर आपणहून कुणी काही विचारलं नव्हतं. पन्नाशी आली, राव! एकदा तरी कुणी कागद-पेन्सिल घेऊन समोर बसावं आणि म्हणावं, "बोला मेस्त्री."

एकोणऐंशीचा डिसेंबर होता, निवडणूक तोंडावर आली होती. कोण कुणाला मत देणार, याचा सर्व्हे करत फिरणाऱ्या उद्धवरावांच्या स्कूटरचं चाक नेमकं त्याच्याच दुकानापुढं बसलं.

"सर्व्हे सगळ्या देशाचा का?" मेस्त्रीनं विचारलं.

"छे हो! जिथं निकाल ठरलेला, तिथं कोण पेट्रोल जाळणार? आमचे दिल्लीचे साहेब अटीतटीच्या लढतीची राज्यं तेवढी निवडतात. यंदा महाराष्ट्र घेतलाय. त्यात पिंपरी, कारखान्यांमुळं."

"आणि आमची गल्ली?"

"तिला एकच चिठ्ठी, म्हणजे एकाच मतदाराला विचारायचं. तुमच्या लोकांची मतं काय, ठाऊकच असतात."

मेस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न विचारताच ठाऊक? वा रे विद्वान! पण चिठ्ठीवर घर नंबर एक्केचाळीस दिसला आणि राग कुठल्या कुठं पळाला. ते त्याचंच घर! हात पुसून तो ताठ बसला.

"लिहा साहेब."

"नाव खातूनबी आहे."

"माझी बायको. मीच सांगतो ना! तिचं मत मला ठाऊकच असतं."

नसायला काय झालं? दर मतदानाला तो तिला कॅरिअरवर बसवून न्यायचा आणि शाळेच्या फाटकापर्यंत चिन्ह घोकून घ्यायचा.

उद्धवराव मात्र नियमाचे पक्के. दुकानामागंच घर होतं. खातूनबी पदर सावरत दारात आली. प्रश्न ऐकून तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग साहेबाकडं.

"सांगते की. पण आधी ह्यांना दुकानात धाडा."

"अगं, मी काय परका हाय?"

"गेल्या खेपेला तरी तुमाला कुठं खरं सांगितलं होतं?"

मेस्त्री दुकानात येऊन पंक्चर काढायला बसला. खातूनबी बराच वेळ बोलत होती. आज मेस्त्रीचं ऐकायला गिऱ्हाईकसुद्धा नव्हतं. ते तिच्या दारात बसून लिहून घेत होतं.