कोऱ्या कापडावरचं गाव

टीव्हीवर हवामान सांगणारी आमच्या भागातली मी पहिली बाई. पहिली असण्यात मिरवण्यासारखं फार नसतं. चुकलं तर बाई म्हणून चुकलं आणि जमलं तर नशिबानं जमलं. नागपूरच्या त्या नव्या वाहिनीवर माझ्याआधी सफारी घातलेले एक गृहस्थ अंदाज वाचायचे. मी आले तेव्हा एका साहेबांनी विचारलं, आता पाऊसही लाजतलाजत येणार का? मी म्हटलं, तुमच्या घरावर तर येणारच नाही.

बघणाऱ्यांना वाटायचं, माझ्या पाठीमागे नकाशा आहे. पाठीमागे नुसतं हिरवं कापड असायचं. नकाशा बाजूच्या छोट्या टीव्हीत दिसायचा आणि त्याच्याकडे चोरून बघत कोऱ्या कापडावर हात फिरवायचा. पहिले काही दिवस माझ्या हातून कोकणातला पाऊस समुद्रात पडत होता. मग मी एक युक्ती काढली. आधी आपलं गाव शोधायचं, यवतमाळ जिल्ह्यातलं, मारेगावच्या अलीकडचं. तिथे हात जरा टेकवायचा आणि मग अकोला कुठे, अमरावती कुठे, असा अंदाज घेत पुढे जायचं. वाट चुकलेलं माणूस करतं तेच.

हे माझ्या गावानं बरोबर हेरलं. फक्त अर्थ भलताच लावला.

आमच्याकडे पाऊस येण्याआधी कोरड्या मातीत सरकी टोबतात, बोटानं खुपसून पेरतात. धूळपेरणी म्हणतात तिला. पाणी वेळेवर आलं तर शेजाऱ्याच्या आधी कापूस घरात, नाही आलं तर बी मातीत भाजून निघतं. कापसाची ती वर्षं आधीच वाईट होती, त्यामुळे कधी टोबायचं यावर माणसं देवाला कौल लावत होती. त्यात त्यांना माझा हात दिसला. पोरगी आपली आहे, सरकार तिला तोंडानं बोलू देत नाही, म्हणून आपल्याकडे पाऊस येणार अशी हातानं खूण करते, असं गावात ठरलं. हे मला दादानं फोनवर सांगितलं, माझा सख्खा भाऊ, आणि तेही टोबून झाल्यावर. गावात सगळ्यात आधी त्यानंच टोबलं होतं. त्याचं बघून बाकीच्यांनी.

मी त्याला समजावलं की ती खूण नाही, मला जागा सापडत नाही म्हणून हात थांबतो. तो हसला. "तू तसंच म्हणशीन. नोकरी हाय तुही." मी चिडले, फोनवर ओरडले. पण ओरडून मातीतलं बी वर येत नाही.

मग आभाळ कोरं पडलं. रोज संध्याकाळी हवामान खात्याचा कागद यायचा, विदर्भात तुरळक ठिकाणी. तुरळक हा शब्द मी भरभर वाचून टाकायचे. दादा फोनवर कमी बोलू लागला, मग फोनवर येईनासाच झाला. वहिनीकडून कळायचं ते असं की लोक त्याच्याशी बोलत नाहीत आणि तो जेवत नाही. फवारणीच्या औषधाचा डबा तिनं कपाटात कुलूप लावून ठेवला होता, किल्ली स्वतःच्या कमरेला. त्या काळात आमच्याकडे कितीतरी घरांत बायका हे करत होत्या आणि कुणी कुणाला सांगत नव्हत्या. तिनं मला सांगितलं, म्हणजे ती किती घाबरली असेल ते मला कळलं. तेव्हापासून मी फोन उशाशी घेऊन झोपायचे.

एका संध्याकाळी मी पदर नीट करून उभी राहणार, तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "ताई, हे दुपारपासून घरी नाही. वावरात बी नाही. कपाटाचं कुलूप तोडलेलं हाय."

बाहेरून हाक आली, चला, वेळ झाली. मी गेले. का गेले, ते आजही सांगता येत नाही. बहुधा पाय आपोआप गेले. दिवे लागले आणि मी त्या हिरव्या कापडासमोर उभी राहिले. कापडावर काहीच नव्हतं, आणि मला गाव शोधायचं होतं. हात उचलला तो थरथरायला लागला. छोट्या टीव्हीत माझी बोटं आमच्या भागावर नुसती हलताना दिसत होती. मी काय वाचलं ते मला ऐकू येत नव्हतं. संपल्यावर साहेब म्हणाले, हाताला काय झालं होतं? मी पदराचा माइक काढून त्यांच्या हातात दिला आणि बाहेर पडले.

फोन हातात धरून मी मेकअपच्या खोलीत बसले. फोन करण्याची भीती आणि न करण्याची भीती, दोन्ही सारख्याच. शेवटी तिकडूनच आला. दादाचा आवाज होता.

"घरी हाओ मी."

तो म्हणाला, गावात लाइट नव्हती, म्हणून मारेगावला स्टँडजवळच्या पानठेल्यावर थांबला होता. तिथे टीव्ही बॅटरीवर चालतो. जाता जाता तुला एकदा बघून घेऊ, म्हटलं.

"तुहा हात थरथर कापून राह्यलता," तो म्हणाला. "म्या म्हटलं, पोरगी तं भेली. मी जित्ता हाओ, हे हिले कोन सांगन? मंग आलो घरी."

मी विचारलं, डबा कुठे आहे? मागे वहिनीच्या रडण्याचा आवाज येत होता.

"पिशवीत हाय," तो म्हणाला. "तू ये. तू आली का देतो."

मी तोंडावरचा रंगही पुसला नाही. तशीच गावाकडच्या एसटीत जाऊन बसले.