आबांचं क्रॉसिंग

माझ्या खेळण्यातल्या रेल्वेला घरात कुणी विचारत नव्हतं. बायको तिला 'वरचा पसारा' म्हणते. कसबा बावड्यातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत प्लायवूडवर मी रूळ मांडलेत. एक मोठा गोल मार्ग, आणि त्याला छेदून साखर कारखान्याकडं जाणारी उसाची छोटी लाइन. हौसेला मोल नसतं म्हणतात. पन्नाशी उलटल्यावर खेळणी घेणाऱ्याला ते जरा जास्तच वेळा म्हणावं लागतं.

दोन्ही मार्ग एकमेकांना ओलांडतात तिथलं क्रॉसिंग मी आधी सोपं निवडलं. मधला भाग प्लास्टिकचा, तारांची कटकट नाही. पण इंजिन चालतं रुळांतल्या विजेवर, आणि प्लास्टिकमधून ती मिळत नाही. मोठं इंजिन लांब असल्यामुळं पार व्हायचं, उसाचं छोटं इंजिन मात्र नेमकं मधोमध थांबायचं.

त्यामुळंच आबा, म्हणजे माझे वडील, वर यायला लागले. आई गेल्यापासून आणि म्हशी विकल्यापासून ते खाली खिडकीशी बसून असत. एकदा मला जेवायला बोलवायला आले, अडकलेलं इंजिन पाहिलं आणि बोटानं ढकललं. "बैल बसलाय की रं," म्हणाले. दुसऱ्या संध्याकाळी ते आपणहून आले आणि क्रॉसिंगपाशी स्टूल ओढून बसले. इंजिन थांबलं की बोट पुढं. "चल की मर्दा." मधल्या वेळात बोलत राहायचे. विहीर खणताना लागलेला कातळ, आईनं पहिल्यांदा धार काढली तेव्हा म्हशीनं मारलेली लाथ. एवढं ते माझ्याशी जन्मात बोलले नव्हते.

पण माझा स्वभाव असा, की दुसऱ्याच्या घरातला वाकडा फोटोसुद्धा सरळ केल्याशिवाय मला चैन पडत नाही. ते अडकणं खुपायला लागलं. मी पुण्याहून धातूचं क्रॉसिंग मागवलं. त्यात वीज मधोमध पोचते, पण एका मार्गाचा प्लस तिथंच दुसऱ्याच्या मायनसला भिडतो आणि सगळं शॉर्ट होतं. म्हणून रुळांना खाचा पाडून मधला तुकडा वेगळा करायचा, खाली वीज वळवणारा रिले बसवायचा, म्हणजे बटण दाबू त्या मार्गाचीच वीज मधल्या तुकड्याला मिळते. कितीतरी संध्याकाळी मी प्लायवूडखाली उताणा पडून तारा सोल्डर करत होतो. वरून आबा विचारायचे, "झालं का न्हाय?" आबा खूश होतील, असंच मला वाटत होतं.

झालं. छोटं इंजिन न अडखळता पार गेलं. आबांचं पुढं आलेलं बोट तसंच राहिलं.

"झ्याक," ते म्हणाले. आणखी एक-दोन फेऱ्या पाहिल्या आणि हसत उठले. "आता माझं काय काम हाय हितं?"

मला ती थट्टा वाटली. पण दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, आणि नंतरही नाहीत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

आमच्यात बाप-लेक काम नसताना एकमेकांशेजारी बसत नाहीत. गोठ्यात, शेतातल्या पाटावर, लग्नाच्या मांडवात, हाताला काही असलं तरच. म्हणून मी कामच तयार केलं. रिलेची एक तार स्क्रू काढून सोडवली आणि जिन्यातून हाक मारली, "आबा, गाडी अडकलीया, या जरा."

ते मधे थांबत, दम घेत वर आले. इंजिन क्रॉसिंगवर उभं होतं. त्यांनी बोट पुढं केलं नाही. वाकून खाली बघितलं. लोंबणारी तार, आणि शेजारी डबीच्या झाकणात मी नीट ठेवलेला स्क्रू. चोराच्या मनात चांदणं. त्या झाकणाकडं माझीच नजर आधी गेली.

"सुटल्याली न्हाय ही. काढलीयास," ते म्हणाले. रागानं नाही. "जोड."

मी जोडली. इंजिन पलीकडं जाईपर्यंत ते उभे राहिले. "चांगलं चाललंय की. उगं मोडू नगंस," म्हणाले आणि भिंतीला धरून खाली गेले.

मला वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. त्यांना इंजिनासाठी बोलवायचंच नव्हतं. ते शेजारी हवे होते, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी त्यांच्या खोलीत गेलो, तेव्हा ओठांवर होतं, 'नुसतं बसायला या की वर.' आबांनी कप घेतला, विचारलं, "काय काम हाय?" मी म्हणालो, "काही नाही." आजही ते खाली असतात, मी वर, आणि तेवढं एक वाक्य बोलायला माझी जीभ रेटत नाही.