हरलेल्या गोलकीची पत्रावळ

सामना कुठलाही असो, सर गोलपोस्टच्या मागे जाऊन उभे राहायचे. मधल्या रेषेपाशी मंडप असायचा, सरपंचांच्या शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी राखलेली असायची. ती रिकामीच. "इथी या ना, सर!" अशी कुणी हाक मारली की ते हात हलवून म्हणायचे, "तिथून खेळ दिसते, भाऊ. इथून पोराचा जीव दिसते."

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही वर्ल्डकपच्या तिकिटांबद्दल बोलत होतात आणि मध्येच विचारलंत, "आजी, तुला फुटबॉल कळतो?" जो काही कळतो, तो या सरांमुळे. एटापल्लीच्या पुढे एका आश्रमशाळेत मी इंग्रजी शिकवायचे, ते खेळ शिकवायचे. मूळचे गोंडपिपरीकडचे. उंच, किंचित वाकलेले, गळ्यात शिट्टी. ती जेवतानाही निघत नसे.

मैदान म्हणजे जंगलातला मोकळा तुकडा आणि बांबूचे गोलपोस्ट. खेळून दमलेली मुलं मोहाखाली बसली की सर वर्ल्डकपच्या गोष्टी काढायचे. "पहिल्या वर्ल्डकपले युरोपातले गडी बोटीनं गेले. चहूकडे पाणीच पाणी. मग सराव कुठी करन? बोटीवरच धावत होते!" समुद्र कधीही न पाहिलेली ती मुलं तोंड उघडं टाकून ऐकत. मीही ऐकत असे. उरुग्वे, अर्जेंटिना ही नावं सर अशी घेत, जणू आलापल्लीच्या पुढचे एसटीचे थांबेच.

एकदा दोन गावांच्या संघांत चेंडू कुणाचा वापरायचा यावरून जुंपली. सर खूश झाले. "अरे, पहिल्या फायनललेही हाच झगडा झालता! अर्धा खेळ यायच्या बॉलनं खेळले, अर्धा त्यायच्या." मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तसंच खेळायला लागली. जगातल्या पहिल्या अंतिम सामन्याचा निवाडा त्या दुपारी आमच्या सागवानाच्या सावलीत लागू झाला.

गोल झाला आणि सगळे गोलकीवर, म्हणजे गोलकीपरवर, ओरडायला लागले की सरांचं एक वाक्य ठरलेलं: "बाकीचे दहा चुकतात, तवा बॉल गोलकीपाशी येते."

आमची गोलकी चैती. आठवीतली, माडिया आदिवासी घरातली मुलगी. बोलणं कमी, झेप मोठी. त्या वर्षी मुलींच्या सामन्यांना बकऱ्याचं बक्षीस होतं. आमच्याकडे पद्धत अशी की जिंकलेल्यांनी बकरा मैदानाच्या कडेलाच शिजवायचा आणि हरलेल्यांनाही जेवायला बसवायचं. मात्र पहिली पत्रावळ जिंकलेल्या कॅप्टनची.

अंतिम सामना शेवटाला आला आणि एक साधा चेंडू चैती आणि बांबू यांच्या फटीतून आत गेला. आम्ही हरलो.

"बकरा घालवला न वं तूनं!" आमच्याच मुली तिच्यावर तुटून पडल्या. चैती रडली नाही. वसतिगृहात गेली आणि सतरंजी गुंडाळायला लागली. मी मागोमाग गेले. "घरी जातो, बाई. आता येत नाई." तिच्या गावच्या मुली अशा गेल्या की परत येत नसत. मी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. सतरंजीची गाठ बसलीच.

सर दारात आले. "जाय. पण उपाशी नको जाऊ. चाल, जेव."

पंगत बसली होती. सरांनी पळसाच्या पानांची पहिली पत्रावळ भरून घेतली आणि ती चैतीपुढे ठेवली. समोरची कॅप्टन ताडकन उठली. "सर! जिंकलो तर आमी!"

"हो ना, माय. आयक." वाढपी हातात पळी धरून थांबला. सर सांगू लागले. "ब्राझीलचा एक गोलकी होता. घरच्या मैदानावर शेवटची मॅच, दोन लाखाच्या आसपास लोकं. असाच बॉल, असाच पोस्टच्या बाजूनं गेला. अख्खं मैदान चूप झालं. गडी म्हातारा झाला, तरी दुकानात एक बाई आपल्या पोराले म्हणे, पाह्य, याच माणसानं ब्राझीलले रडवलं होतं." "दोन लाखातून एकानं तरी त्याले त्या दिवशी जेवाले बसवाले पायजे होतं."

मग त्या कॅप्टननं स्वतःच वाटी उचलली आणि चैतीच्या पत्रावळीवर रस्सा वाढला. "जेव न वं. थंड होऊन राह्यलं."

चैती जेवली. सतरंजी सोडायला मीच मदत केली. गाठ फार घट्ट होती.

ती शिकली. आज त्याच शाळेत खेळ शिकवते. निवृत्तीनंतर गावाकडे परतलेले सर मागच्या हिवाळ्यात वारले. यंदाच्या सामन्यांना तिनं मला आग्रहानं बोलावलं. मी मंडपात बसले. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, कारण चैती गोलपोस्टच्या मागे उभी होती.

सामना संपला, बकरा शिजला, पंगत बसली. जिंकलेल्या संघाची कॅप्टन, चिमुरडी, पहिली पत्रावळ दोन्ही हातांनी सांभाळत निघाली. रस्सा सांडत होता. हरलेल्या मुलींच्या रांगेत ती कुणाला तरी शोधत होती.

"कोणी सांगितलं गं तुला?" मी विचारलं. सरांना तिनं कधी पाहिलेलं नव्हतं.

"सांगाले काय लागते, बाई? असंच असते."

मोहाच्या बुंध्याआड हरलेली गोलकी गुडघ्यांत तोंड घालून बसली होती. पत्रावळ तिच्यासमोर ठेवली गेली. तिनं डोळे पुसले, पहिला घास घेतला; आणि तोवर हात आवरून बसलेली सगळी पंगत जेवायला लागली.