मागच्या खोलीला लाकूड चालत नाही

माझे सासरे खिडक्यांचे ब्लाइंड विकतात आणि त्यासाठी लोकांच्या घरी जाऊन ओला रुमाल वाळत घालतात. हे मला लग्न ठरताना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एवढंच, की मुलाच्या वडिलांचं दुकान आहे आणि माणूस सरळ आहे. सरळ आहे हे खरं, पण फुटपट्टीसारखा सरळ, म्हणजे जवळून गेलं की टोचतो.

आमच्याकडची हवा दमट. इतकी की मीठ डब्यातून चमच्यानं काढावं लागत नाही, खरवडावं लागतं, आणि कपाटातले बूट आठ दिवस घातले नाहीत तर हिरवे होतात. अशा हवेत कुठल्या खोलीच्या खिडकीला काय लावायचं, हा बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मते जीवनमरणाचा प्रश्न. गिऱ्हाईक दुकानात येतं ते मोबाइलवर फोटो घेऊन. "मला अगदी हेच हवंय." बाबा फोटोकडे बघतही नाहीत. ते विचारतात, "खोली कुठल्या दिशेला?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेप आणि सुती रुमाल घेऊन त्या घरी हजर होतात.

मग त्यांचा तो विधी. रुमाल गिऱ्हाइकाच्याच नळाखाली भिजवायचा, बरोबर तीन पीळ देऊन पिळायचा, खिडकीत वाळत टाकायचा आणि समोर घड्याळ लावून बसायचं. चाळीस मिनिटांत वाळला तर त्या खोलीला लाकूडसुद्धा चालेल. तासाभरात वाळला तर कुठलंही कापड लावा. दोन तास लागले तर सुती कापड बाद, पॉलिस्टरचा गुंडाळायचा रोलर घ्या. आणि दुपारपर्यंत वाळलाच नाही, तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या नाहीतर प्लॅस्टिक, आणि कापडाचं नाव काढायचं नाही. साखळीसुद्धा प्लॅस्टिकची, कारण लोखंडी साखळी गंजते आणि गंज पडद्यावर उतरतो. वाळला की नाही हे ते हातानं बघत नाहीत. रुमाल गालाला लावतात. हाताला ओलावा कळत नाही, गालाला कळतो, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं होईपर्यंत माणूस त्या खोलीतून हलत नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी न्हाणीघरासाठी कापडी ब्लाइंड मागितला तेव्हा बाबा त्यांच्या न्हाणीघरात उपडी बादली घालून सकाळभर पेपर वाचत बसले होते. बाई टॉवेल खांद्यावर टाकून दारात आल्या तर आतून आवाज, "पाच मिनिटं थांबा, एक कोपरा अजून ओला आहे." दुसरी कुणी असती तर पोलिसांना बोलावलं असतं. या बाईंनी ॲल्युमिनियमचा ब्लाइंड घेतला आणि वर आणखी चार मैत्रिणींना पाठवलं. गाणं शिकवणाऱ्या मास्तरांना शिकवणीच्या खोलीत जाड सुती पडदे हवे होते, आवाज घुमू नये म्हणून. बाबा ऐन शिकवणीच्या वेळी रुमाल घेऊन जाऊन बसले. दोन तासांनी रुमाल लावला होता त्याहून ओला निघाला. "बारा जण तोंड उघडून बसल्यावर दुसरं काय होणार?" बाबा घरी येऊन म्हणाले. मास्तर महिनाभर बोलत नव्हते.

मी शाळेत गणित शिकवते. मला या रुमालशास्त्राचा पहिल्यापासून राग. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी त्यांना म्हटलं, "बाबा, रुमालाची जाडी वेगळी असेल तर वेळ बदलणार. त्या दिवशी वारा असेल तर बदलणार." ते शांतपणे म्हणाले, "म्हणून तर मी जातो. रुमाल एकटा पाठवत नाही." माझा नवरा असल्या वादात पडत नाही. तो लहानपणीच शहाणा झाला.

आता गंमत अशी, की ज्या माणसानं गावभरच्या खिडक्यांची अशी सरबराई केली, त्याच्या स्वतःच्या घरात एकही ब्लाइंड घरासाठी केलेला नव्हता. सगळे कुणीतरी नाकारलेले. हॉलच्या एका खिडकीला तपकिरी, दुसरीला आभाळी. आमच्या खोलीतला खिडकीपेक्षा वीतभर लांब, तो जमिनीवर लोळायचा. स्वयंपाकघरातला अरुंद, त्यामुळे दुपारी उन्हाची एक तिरीप बरोबर भाजी चिरणारीच्या डोळ्यावर. आईंनी म्हणजे माझ्या सासूबाईंनी अडतीस वर्षं भाज्या मान तिरकी करून चिरल्या. "वस्तू चांगली आहे, माप चुकलं म्हणून काय टाकून द्यायची?" हे बाबांचं ठरलेलं उत्तर.

मग आई जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता जिना विसरा. खालच्या मजल्यावर रिकामी एकच खोली होती, मागची. त्या खोलीला ऊन नाही, वारा नाही आणि खिडकीपलीकडे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. आम्ही तिथे जुन्या सुटकेसी ठेवायचो आणि त्यासुद्धा तक्रार करतील अशी ती खोली. आईंना तिथे न्यायचं म्हणून रंग दिला, पलंग हलवला, दिवा मोठा लावला. खिडकीचा प्रश्न आला तेव्हा बाबा नेहमीप्रमाणे दुकानातून एक गुंडाळी घेऊन आले. फिकट हिरवी, एका दवाखान्यानं परत केलेली.

आई पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी गुंडाळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नको. मला लाकडाचा हवा."

"अगं, या खोलीला लाकूड चालत नाही."

"खोलीला नको असेल. मला हवाय."

बाबांना वाटलं, चेष्टा आहे. ते हसले. ते हसले हीच चूक झाली. आईंचा आवाज एकदम खाली गेला, आणि त्यांचा आवाज खाली गेला की घरातली भांडीसुद्धा वाजायची थांबतात. "अहो, अडतीस वर्षं लोकांनी टाकलेले ब्लाइंड मी घरात लावून घेतले. कधी बोलले? आता मला उरलेले दिवस या एका खिडकीकडे बघत काढायचेत. ती तरी माझ्या मापाची, माझ्या पसंतीची करा. नाहीतर मी बहिणीकडे जाते. तिच्याकडे लिफ्ट आहे."

त्या खरंच गेल्या असत्या. मावशींशी फोनवर बोलणं झालेलं मी स्वतः ऐकलं होतं, मावशींनी खोलीही आवरायला घेतली होती. आणि बाबांना त्यांच्याशिवाय चहात साखर किती हेही ठाऊक नाही. मला मनापासून भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी बाबा तडजोड घेऊन आले. लाकडासारखं दिसणारं प्लॅस्टिक. रंग तोच, रेषाही तशाच, दहा पावलांवरून मीही फसले. आईंनी नमुन्याची पट्टी हातात घेतली, नखानं खरवडली, नाकाशी नेली आणि परत दिली. "याला कसलाच वास नाही," एवढंच म्हणाल्या. मग तीन दिवस दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. "त्यांना सांग, गोळी घेतली." "तिला सांग, घेतली तर बरं." एका खोलीत बसून! मी वर्गातल्या पोरांना यापेक्षा कमी वेळात समेट करायला लावते.

शेवटी बाबाच म्हणाले, "ठीक आहे. रुमाल ठरवेल." आईंनी मान डोलावली. मला हा अन्याय वाटला, कारण निकाल काय लागणार हे खोलीतल्या सुटकेसींनीही सांगितलं असतं.

शनिवारी सकाळी दहा वाजता बाबांनी रुमाल भिजवला, तीन पीळ दिले, मागच्या खिडकीत टाकला आणि खुर्ची ओढून बसले. बसून पाच मिनिटं झाली नसतील तोच दुकानातून फोन. कुणाचा तरी रोलर वर गेला तो खाली यायला तयार नव्हता. बाबा चुळबुळले, रुमालाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "अर्ध्या तासात येतो. कुणी हात लावायचा नाही." आणि गेले.

फाटक वाजलं, तशा आई म्हणाल्या, "बाई गं, तुझं ते केस वाळवायचं मशीन कुठंय?"

मी अकरा वर्षं मुलांना कॉपी करताना पकडते आहे. पेपर काढून घेते, पालकांना बोलावते. त्या दिवशी मी ते मशीन घेऊन धावत आले. आई पलंगावरून सूचना देत होत्या, "कडा बघ, कडा. शिवणीत पाणी राहतं. अगं, जवळून नको, जळेल!" दहा मिनिटांत रुमाल पापडासारखा कडक झाला. मग आमच्या लक्षात आलं की तो गरम आहे. तेव्हा आईंनी त्याला पंखा घालून गार केला, पुठ्ठ्यानं. एवढ्या हसल्या की खुब्याला कळ आली, तरी हसायच्या थांबेनात. पडल्यानंतर त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

बाबा आले. सरळ खिडकीशी गेले, रुमाल काढला, गालाला लावला. बराच वेळ लावून उभे राहिले. मी पुस्तकात डोकं खुपसलेलं. आई छताकडे बघत होत्या. बाबांनी घड्याळ बघितलं, मग आईंकडे बघितलं, मग रुमालाची नीट चार पदरी घडी घातली.

"वाळला," ते म्हणाले. "पस्तीस मिनिटं. लाकूड चालेल."

आणि टेप काढून खिडकीचं माप घ्यायला लागले. तीनदा घेतलं, वर, मध्ये आणि खाली. स्वतःच्या घरात टेप लावताना मी त्यांना प्रथमच बघितलं. मी आईंकडे बघून डोळा मारला. काय पण फसवलं आपण म्हाताऱ्याला!

पंधरा दिवसांत ब्लाइंड लागला. सागवानी रंगाचा, अरुंद पट्ट्यांचा, खिडकीत असा बसला की जणू खिडकीच त्याच्यासाठी केली. आईंनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं, दोरी ओढून उघडझाप केली, शेजाऱ्यांची टाकीसुद्धा पट्ट्यांमधून तुकड्यातुकड्यांनी जरा बरी दिसली. मावशींना फोन करून त्यांनी सांगितलं की येत नाही. त्या दिवशी चहा बाबांनी केला. अतिशय वाईट होता, सगळे प्यायले.

पुढे पावसाळा आला. भिंतींना घाम सुटला, माझ्या वह्यांची पानं जाड झाली, बूट नेहमीप्रमाणे हिरवे झाले. मी मागच्या खोलीतल्या पट्ट्यांकडे रोज धास्तावून बघायची, कारण गुन्ह्यात माझाही हात होता. पण पट्ट्या सरळच्या सरळ! बुरशीचा ठिपका नाही की फुगवटा नाही. जुलै गेला, ऑगस्ट आला. मला तर विजय झाल्यासारखं वाटायला लागलं. अडतीस वर्षांचं रुमालशास्त्र एका केस वाळवायच्या मशीननं खोटं पाडलं होतं.

एका रविवारी आई न्हाणीघरात गेल्या होत्या आणि मी त्यांच्या चादरी बदलायला मागच्या खोलीत गेले. बाबा खिडकीशी उभे. ब्लाइंडच्या खालच्या पट्टीची टोपणं काढलेली, दोऱ्या वर ओढलेल्या, आणि पलंगावर चार पट्ट्या. धनुष्यासारख्या वाकलेल्या, कडेला काळे ठिपके. काखेत चार नव्या. एकेक जुनी ते सरकवून काढत होते आणि नवी घालत होते, इतक्या सराईतपणे की मला कळलं, हे आजचं नाही.

ते दचकले. मग ओठांवर बोट ठेवलं.

"किती दिवस चाललंय हे?" मी कुजबुजले.

"जूनपासून. दर रविवारी ज्या वाकतात त्या नेतो. दुकानात वजनाखाली ठेवतो, वाळवतो, घासतो, परत पॉलिश करतो. पट्ट्यांचे दोन जोड करून घेतले होते सुरुवातीलाच."

"सुरुवातीलाच? म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, रुमालाला तुझ्या केसांच्या तेलाचा वास येत होता," बाबा म्हणाले. "तिला सांगू नकोस. तिला वाटतंय, जिंकली."

मला शरम वाटली, हसू आलं, आणि या फुटपट्टीसारख्या माणसाबद्दल एकदम इतकी माया वाटली की मी उगाच चादर झटकत बसले. मग चादरीचा बोळा घेऊन बाहेर आले तर न्हाणीघराचं दार किलकिलं होतं. आई स्टुलावर बसलेल्या, अंगावर कोरडं पातळ, केस पुसून विंचरून झालेले. आंघोळ केव्हाच उरकली होती. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"किती राहिल्यात अजून?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय किती?"

"पट्ट्या गं."

"तुम्हाला माहीत आहे?"

"आंधळी आहे का मी? दिवसभर त्याच खिडकीकडे तोंड करून पडलेली असते. शनिवारी वाकलेली पट्टी सोमवारी आपोआप सरळ होते होय?" आई म्हणाल्या. "मी बाहेर आले तर बिचारे घाई करतील, बोटं चिमटतील. ह्या वयात त्यांना वीस मिनिटं लागतात. मी बसते इथे."

तेवढ्यात मागच्या खोलीत काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ बाबांचा घाबरलेला आवाज, "अगं, झाली का आंघोळ तुझी?"

आईंनी हात लांब करून नळ पुन्हा सोडला, मोठा, आणि ओरडून म्हणाल्या, "नाही हो! आत्ता कुठे अंगावर पाणी घेतलंय!"